अपक्ष उमेदवार, निशाणी छत्री

चँडलर,
२२ ऑगस्ट २००४

नीलू,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो, कारण पुढचं वाचून तू हसणार आहेस, आणि मामाला हसणाऱ्या भाचीला मागाहून आशीर्वाद द्यायला मी काही संत नाही.

मी निवडणुकीला उभा आहे. अध्यक्षपदाच्या. दचकू नकोस, तुमच्या व्हाइट हाउसच्या नव्हे, इथल्या सग्वारो मराठी मंडळाच्या. सग्वारो म्हणजे इथल्या वाळवंटातलं ते हात वर करून उभं असलेलं निवडुंग. मंडळाला हे नाव कुणी दिलं माहीत नाही, पण माणसांची चांगली पारख असणार त्याला.

यंदा दोन पॅनल आहेत. राजाराम टिळेकरांच्या पॅनलला दिवाळीला भारतातून नाटक आणायचंय आणि जेवण बाहेरून मागवायचंय. शोभनाताई बेहेऱ्यांच्या पॅनलला नाटक इथल्या लोकांचं बसवायचंय आणि श्रीखंड घरी करायचंय. एवढ्यावरून माणसं एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जात नाहीत. ज्याचा अध्यक्ष जिंकेल त्याचं अख्खं पॅनल निवडून येतं. आमचे चिरंजीव देवदत्त शोभनाताईंकडून खजिनदार व्हायला उभे आहेत, आणि मी त्यांचा बाप, दोघांच्याही विरोधात, अपक्ष.

कशासाठी, ते सांगतो. सिया शाळेत, देवदत्त आणि शिवांगी ऑफिसात, आणि आम्ही म्हातारे दिवसभर घरात. इथे गाडी चालवता येत नसेल तर माणसाचं पार्सल होतं. कुणीतरी आणून ठेवतं, कुणीतरी उचलून नेतं. मागच्या गल्लीत कुमार म्हणून इंजिनियर राहतो, त्याच्या आई सांगलीच्या. मी छत्री घेऊन चालायला निघालो की त्या खिडकीतून हात हलवायच्या, मीही हलवायचो. असे कित्येक दिवस गेले. शेवटी मी बेल वाजवली, तर म्हणाल्या, "या, बसा. मार्चपासून देवळाशिवाय कुठे गेले नाही हो मी." म्हणून माझा जाहीरनामा एका ओळीचा आहे: दर बुधवारी मंडळाची एक गाडी, ज्येष्ठांसाठी. लायब्ररी, बाग, भाजी, कुठेही.

शशिकांत म्हणून एक सज्जन निवडणूक अधिकारी आहेत. त्यांच्याकडे निशाणी मागितली. म्हणाले, "काका, इथे सिम्बॉल वगैरे नसतो." म्हटलं, वीज मंडळात असताना प्रत्येक निवडणुकीत मी केंद्राध्यक्षाची ड्युटी केली आहे, बिननिशाणीचा अपक्ष मी अजून पाहिलेला नाही. छत्री मिळाली. बोटाला शाई लावणार का, हेही विचारलं. मार्कर चालेल का म्हणाले.

आता गुपित. डिसेंबरात मी नागपूरला जातोय. देवदत्तला सांगितलंय, घराची डागडुजी करून येतो, परतीचं तिकीट तिथून बघू. खरं असं आहे, की जिंकलो तर मंडळाचं काम आहे म्हणून परत येईन. हरलो तर येणार नाही. तुझी मामी गेल्यापासून या घरात आहे. पोरं चांगली आहेत, पण माझ्यावाचून अडेल असं एकही काम इथे नाही, नीलू. आणि काम नसलेल्या माणसाला सगळे फार जपतात, ते मला सोसत नाही. हे देवदत्तला सांगायचं नाही. ईमेल न करता पत्र लिहितोय ते त्यासाठीच. माझी ईमेल सिया मोठ्याने वाचून दाखवते.

दोन पक्षांच्या लढाईत तिसऱ्याचं काय होतं यावर तू पीएच.डी. करतेस ना? मग सांग, मला कितपत आशा आहे?

तुझा,
मोरूमामा


ॲन आर्बर,
३० ऑगस्ट २००४

मोरूमामा,

नमस्कार. आणि तुमच्यातल्या उमेदवाराला वेगळा, कोपरापासून.

तुमचा निकाल मी आत्ताच सांगू शकते, पण मग माझ्या विद्यापीठाला वाटेल एवढं सोपं होतं तर ही पोरगी चार वर्षं करतेय काय? म्हणून जरा शास्त्रोक्त सांगते.

बारा वर्षांपूर्वी इथे एक अपक्ष उभे होते. देशात दर पाचातल्या जवळजवळ एकाने त्यांना मत दिलं. त्यातून राज्यं किती जिंकली? एकही नाही. कारण इथे राज्यात ज्याची मतं सगळ्यांत जास्त, त्याच्याच पानात बहुतेक सगळीकडे अख्खं ताट वाढतात. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला रिकामी पत्रावळ. हे झालं एक. शिवाय लोकांना अपक्ष आवडतो, पण मत द्यायची वेळ आली की वाटतं, आपलं मत वाया जाईल आणि नको तोच निवडून येईल. मग नाक मुरडत दोघांतल्या त्यातल्या त्यात बऱ्याला देऊन येतात. आणि एवढं होऊन जो हरतो तो पुढची कित्येक वर्षं म्हणत राहतो, याने आमची मतं खाल्ली. म्हणजे मामा, मतं मिळोत न मिळोत, शिव्यांचं मात्र पक्कं आहे.

यंदाही एक जण आहेत रिंगणात. उन्हाळ्यात त्यांची मुलं आमच्या बस स्टॉपवर सह्या गोळा करायची. सही सगळे हसत करत. मत देणार का विचारलं की सगळ्यांची बस यायची.

आता कामाचं. तुमच्या मंडळात मत माणशी आहे की घरटी? तुम्हाला स्वतःचं मत आहे का? उभं राहण्यापूर्वी हे विचारलं असेलच, केंद्राध्यक्ष होतात ना तुम्ही!

आणि ते गुपित मला मुळीच आवडलेलं नाही. चेष्टा बाजूला ठेवून लिहिते. आई गेल्यावर या देशात मला माहेर म्हणावं असं तुमचंच घर आहे. तुम्ही नागपूरला जाऊन बसलात तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी कुणाकडे येऊन तक्रारी करायच्या? ज्या उमेदवाराची हार ठरलेली आहे, त्याने हरलो तर जाईन अशी पैज लावायची नसते. मागे घ्या.

नीलांबरी


चँडलर,
२० सप्टेंबर २००४

नीलू,

तुझं शास्त्र तुझ्याजवळ ठेव. काल मंडळाचा गणपती झाला, मी छत्री घेऊन आरतीपासून प्रसादापर्यंत उभा होतो, आणि तुला सांगतो, हवा आपली आहे!

एकेकाला गाठून बुधवारच्या गाडीचं सांगितलं. एकानेही नाही म्हटलं नाही. "काका, मत तुम्हालाच." "काका, तुम्ही उभे आहात म्हटल्यावर प्रश्नच नाही." एकाने तर वाकून नमस्कार केला, त्याच्या बायकोनेही केला, आणि दोघांनी वेगवेगळं वचन दिलं. टिळेकर स्वतः म्हणाले, "काका, मी उमेदवार नसतो तर तुम्हालाच दिलं असतं." सियाने छत्रीचं पोस्टर काढलंय, खाली ‘व्होट फॉर आजोबा’. "आजोबा, आर यू गोइंग टु विन?" म्हणाली. म्हटलं, बाप्पाला विचार. म्हणाली, "ही इज नॉट अ मेंबर."

मत घरटी एक आहे. तू विचारलंस ते बरं केलंस, मला तिथे जाऊनच कळलं. मंडळाची मेंबरशिप फॅमिलीच्या नावाने असते आणि आमच्या घरचं मत देवदत्तचं. शिवाय ज्यांच्यासाठी मी उभा आहे त्या एकाही म्हाताऱ्याला मत नाही. असू दे, मुलांचं मन आहे ना.

घरी वातावरण जरा तंग आहे. देवदत्त एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हाला हवं तर उभे राहा, पण मला कुणाचा प्रचार करायला सांगू नका." शिवांगी वरण वाढताना दोघांकडेही बघत नाही. बापाने मुलाची मतं खायची म्हणजे तिलाही अवघडच.

एक गंमत राहिली. मागच्या आठवड्यात चालता चालता फूटपाथच्या कडेला लेस बांधायला जरा टेकलो होतो, तर पोलिसाची गाडी येऊन थांबली. भला मोठा, गोरा, पोरगेलासा पोलीस. पाणी दिलं, छत्री हातात घेतली आणि गाडीत बसवून घरी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाच्या गाडीत बसलो, तेही मागच्या सीटवर. नागपूरच्या माणसाला ऊन लागतं का कधी? पण त्याला कोण समजावणार! घरी कुणाला बोललो नाही, उगाच चालणं बंद करतील.

निकालाच्या दिवशी फोन करीन.

भावी अध्यक्ष,
मोरूमामा


ॲन आर्बर,
२७ सप्टेंबर २००४

भावी अध्यक्ष महाराज,

सगळे हो म्हणाले? सगळे? मामा, आपल्यात पासष्टीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणतं का कुणी? लग्नाची स्थळं आठवा. "पत्रिका जुळत नाही" म्हणायचे, "मुलगी आवडली नाही" कुणी म्हणायचं का? तुमच्या गणपतीत पडलं ते मत नव्हे, तो नमस्कार होता. माझ्या विषयात याला भलंमोठं नाव आहे, पण त्या जोडप्याने वाकून नमस्कार केल्याचं वाचलं तेव्हाच मला कळलं. आणि नवऱ्याने वेगळं, बायकोने वेगळं वचन दिलं म्हणता. त्या घराला मत एकच आहे, मामा.

हे झालं हसण्यावारी. आता दुसरं.

तुम्ही लेस बांधायला बसला होतात. मी तुमच्याबरोबर तीन उन्हाळे काढलेत. तुम्ही चपलांखेरीज काही घालत नाही. देवदत्तने आणलेले बूट अजून खोक्यात आहेत, मीच पाहिलेत. चपलेला लेस कुठली?

तुम्हाला भोवळ आली होती. आणि तुम्ही ती मला गंमत म्हणून सांगताय.

मी इकडे तुमची चेष्टा करत बसले होते, मतं, पॅनल, निशाणी. मला वाटलं मामांना रिटायरमेंटमध्ये एक खेळ मिळाला. खरं तर तुम्ही रोज उन्हात चालता कारण घरात थांबवत नाही, आणि बुधवारची गाडी सगळ्यांत आधी तुम्हाला हवी आहे. हे जाहीरनाम्यात लिहायला हवं होतं.

मी देवदत्तला फोन करणार आहे. शनिवारी तुमचं पत्र आल्यापासून नुसता विचार करत बसले होते, आता हे पत्र टाकून लगेच करते. तिकिटाचं बोलणार नाही, ते तुमचं गुपित. भोवळीचं बोलणार. रागवा.

नीलांबरी


चँडलर,
९ ऑक्टोबर २००४

नीलांबरी,

रागावलो आहे. म्हणून पूर्ण नावाने लिहितोय.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी देवदत्त भर दुपारी घरी आला. माझ्या खोलीत येऊन बुटांचं खोकं उघडलं, बूट काढले, लेस ओवली, आणि माझ्या पायाशी ठेवून परत ऑफिसला गेला. आरडाओरडा केला असता तर मी उत्तर दिलं असतं. डॉक्टरकडे नेऊन आणलं, सगळं ठीक आहे, पाणी प्या म्हणाले. आता रोज ऑफिसातून फोन येतो, "बाबा, पाणी प्यायलात?" तुझ्यामुळे!

आणखी वाईट बातमी आहे, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही म्हणूनच लिहितोय. माफ केलेलं नाही. काल बागेत उमेदवारांची सभा झाली. टिळेकर उठले आणि म्हणाले, आमचं पॅनल दर बुधवारी ज्येष्ठांसाठी गाडी सुरू करील. टाळ्या. मग शोभनाताई उठल्या. म्हणाल्या, आम्हीही गाडी सुरू करू, आणि गाडीत ताक देऊ. जास्त टाळ्या. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे बोलायला एकच ओळ होती आणि ती दोघांनी नेलेली. मी छत्री उघडून दाखवली आणि बसलो.

आता मी कशाला उभा राहू? उद्या शशिकांतना फोन करून माघार घेतो.

मो. ग. भागवतकर


ॲन आर्बर,
१४ ऑक्टोबर २००४

मो. ग. भागवतकर साहेबांना, भाचीचा साष्टांग.

फोन केला, चूक केली नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. इतका वेळ घेऊन लेस ओवणाऱ्या मुलाबद्दल मात्र मी मनात काय काय बोलले होते, ते परत घेते. मला वाटत होतं त्याला तुमची फिकीर नाही. त्याला माहीतच नव्हतं, कारण तुम्ही त्याला सांगत नव्हतात.

आता माझा अख्खा प्रबंध एका परिच्छेदात. अपक्ष जिंकत नाही. पण तो जे बोलतो ते लोकांना आवडतंय असं दिसलं, की दोन्ही पक्ष रात्रीतून त्याचा मुद्दा उचलतात आणि आपलाच म्हणून मिरवतात. तिसऱ्याला मिळतं ते एवढंच, आणि ते थोडं नाही. त्या सभेत तुम्ही छत्री उघडून बसलात ना, तेव्हाच तुम्ही जिंकलात, मामा! ताकासकट.

म्हणून माघार घेऊ नका. तुम्ही उभे आहात तोवरच दोघांना तुमचा धाक आहे. तुम्ही बसलात की बुधवारची गाडीही बसली. चिठ्ठीवर तुमचं नाव राहू द्या.

आणि ती पैज मागे घेतल्याचं अजून लिहिलेलं नाहीत. वाट बघतेय.

नीलू
(पूर्ण नावाचा राग संपला असेल असं धरून)


चँडलर,
११ नोव्हेंबर २००४

नीलू,

तुमची मोठी निवडणूक मंगळवारी झाली, आमची त्यानंतरच्या शनिवारी. तुझ्या त्या अपक्षाचं काय झालं हे टीव्हीवर सांगायलाही कुणाला सवड नव्हती. माझं मात्र माइकवरून सांगितलं.

शाळेच्या कॅफेटेरियात दिवाळीचा कार्यक्रम होता, आणि कोपऱ्यात टेबलावर पोळ्यांचा स्टीलचा डबा मतपेटी म्हणून ठेवलेला. आडोशाला पुस्तकांचं कपाट. आमचं नाव पुकारलं तेव्हा देवदत्त उठला, चिठ्ठी घेतली, आणि सरळ माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाबा, घरचं मत तुम्ही द्या."

मी कपाटामागे गेलो. तीन नावं होती. शेवटी माझं, आणि शेजारी शशिकांतनी हाताने काढलेली छोटीशी छत्री. नीलू, पेन्सिल त्या छत्रीपाशी नेली आणि हात थांबला. आपल्याच हाताने आपल्या पानात वाढून घ्यायचं? जन्मात केलं नाही. पंगतीत बसलेला माणूस स्वतः लाडू उचलतो का कधी? आणि समोर चिठ्ठी देऊन गेलेल्या पोराचं तोंड दिसत होतं, त्याचं सगळं पॅनल शोभनाताईंच्या नावावर उभं. मी शोभनाताईंवर खूण केली आणि डब्यात टाकली.

निकाल ऐक. शोभनाताई एका मताने निवडून आल्या. मोरेश्वर भागवतकर यांना मतं: भोपळा. एकही नाही. बिचाऱ्या शशिकांतनी ते इतकं हळू वाचलं की लोकांनी परत विचारलं. तुझ्या पुस्तकात शून्याचा अपक्ष आहे का? नसेल तर घाल.

घरी येताना गाडीत देवदत्त म्हणाला, "बाबा, तुमचं स्वतःचं मत कुठे गेलं?" म्हटलं, तुला दिलं. त्याने गाडी कडेला घेतली. म्हणाला, "मी चिठ्ठी तुम्हाला का दिली? तुम्हाला निदान एक तरी मत पडावं म्हणून!" मागून सिया म्हणाली, "सो यू बोथ वेस्टेड इट?" शिवांगी आधी हसली, मग आम्ही सगळे इतके हसलो, की मागच्या गाडीवाल्याने थांबून सगळं ठीक आहे ना विचारलं.

एका मताने जिंकलेल्या बाईला शब्द पाळावा लागतो. काल पहिली बुधवारची गाडी निघाली. ड्रायव्हर खजिनदार देवदत्त भागवतकर, अर्धी रजा टाकून. ताक होतं. पहिलं दार कुमारचं. देवदत्तने गाडीतूनच हॉर्न वाजवला. कुणी येईना. पुन्हा वाजवला, तरी नाही. म्हटलं, अरे बाबा, सांगलीची बाई आहे ती, हॉर्नवर बाहेर येईल का? मी उतरलो, बेल वाजवली, आत बसलो, अर्धा कप चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली, तेव्हा त्या पदर सावरून निघाल्या. पुढच्या प्रत्येक दारी तेच. लायब्ररीत पोचेतो दुपार टळली. मागच्या सीटवर सगळे एकदम बोलत होते, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, फार बरं वाटलं मला.

सगळ्यांना सोडून परत येताना देवदत्त म्हणाला, "बाबा, गाडी मी चालवीन, नाहीतर दुसरं कुणी चालवेल. पण ही बेल वाजवायचं माझ्याच्याने होणार नाही. हे तुमच्याशिवाय जमायचंच नाही कुणाला." सहज बोलला, रस्त्याकडे बघत. मी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हटलं, नागपूरचं परतीचं तिकीट तिथून नको, इथूनच काढ. जानेवारीचं. तो नुसता "बरं" म्हणाला.

तेव्हा पैज मागे. हरलो आणि तरी येतोय, तुझ्या शास्त्रात बसत नसेल तर शास्त्र बदल. देवदत्तला कसलाही संशय आलेला नाही. आपलं गुपित आपल्यातच राहिलं, याचं मात्र मला समाधान आहे. वीज मंडळात उगाच नाही काढली इतकी वर्षं.

थँक्सगिव्हिंगला ये. बूट घालून घ्यायला येईन एअरपोर्टवर.

तुझा,
मोरूमामा (पडेल)

ता. क. नीलू, देवदत्त लिहितोय. बाबांनी पोस्टात टाकायला पाकीट माझ्याकडे दिलं, उघडंच. वाचायचं नव्हतं, वाचलं. नागपूरच्या घराची डागडुजी मागच्याच वर्षी झाली, मीच करून घेतली. त्यामुळे ऑगस्टमध्ये ते एका बाजूचं तिकीट काढ म्हणाले तेव्हाच कळलं, परत यायचं त्यांच्या मनात नाही. विचारायला तोंड उघडलं की भीती वाटायची, ते हो म्हणाले तर? म्हणून विचारलं नाही, तेव्हाच दोन्हीकडचं काढलं, आणि जाण्याचं तेवढं त्यांच्या हातात दिलं. परतीचं कपाटात आहे, जानेवारीचंच. उद्या देतो त्यांना, आजच काढलं म्हणून. तू काही बोलू नकोस.